इंजिन ऑइल कोणतं घालायचं? पेट्रोल, डिझेल, सीएनजी, दुचाकी आणि ट्रॅक्टर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुकानात डब्याची पुढची बाजू आपल्याला ऑइल विकते. आत काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. खालची बहुतेक उत्तरं ही मागची बाजू कशी वाचायची, याबद्दलच आहेत.

माझ्या गाडीला कोणतं ऑइल चालेल हे ठरवायचं कसं?

गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक काढा. शेवटच्या पानांच्या आसपास ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड यांचा तक्ता असतो. त्यातून तीन गोष्टी टिपून घ्या: ग्रेड (उदा. 5डब्ल्यू-30), दर्जा (उदा. एपीआय एसपी, एसीईए सी3, जासो एमए2) आणि फिल्टरसह किती लिटर लागतं तो आकडा. डब्यावर ग्रेड आणि दर्जा हे दोन्ही जुळले की ब्रँड कुठला हा प्रश्न दुय्यम होतो. नुसती ग्रेड जुळून भागत नाही. 5डब्ल्यू-30 नावाची डझनभर वेगवेगळी ऑइलं बाजारात आहेत आणि त्यांतली काही तुमच्या इंजिनाला घातक ठरू शकतात.

पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मिळते. काही गाड्यांच्या ऑइलच्या झाकणावरही ग्रेड कोरलेली असते.

5डब्ल्यू-30 म्हणजे नेमकं काय?

ऑइलच्या दाटपणाचे हे दोन आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा: 5डब्ल्यूची चाचणी उणे 30 अंशाला होते, 10डब्ल्यूची उणे 25, 15डब्ल्यूची उणे 20 आणि 20डब्ल्यूची उणे 15 अंशाला. दुसरा आकडा गरम इंजिनातला. 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडचं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं एकक) बसतं, 40 ग्रेडचं 12.5 ते 16.3 मध्ये आणि 50 ग्रेडचं 16.3 ते 21.9 मध्ये.

मग महाराष्ट्रात कुठेच उणे तापमान नसताना पहिल्या आकड्याचं काय करायचं? कारण 20 अंशाच्या सकाळीही 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-30 पेक्षा दुपटीहून जास्त दाट असतं. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि पंपाला ते वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चढवावं लागतं. पातळ ऑइल लवकर पोचतं. इंजिनाची मोठी झीज सुरू होतानाच्या या काही क्षणांत होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात 45 अंश असतात. जाड ऑइल घातलेलं बरं ना?

हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो आणि जुन्या इंजिनांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या पाणी-थंड इंजिनात थर्मोस्टॅट असतो. चंद्रपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, गाडी तापली की ऑइल साधारण 90 ते 110 अंशांच्या आसपास राहतं. बाहेरचे दहा-पंधरा अंश इंजिनाच्या आत फारसे पोचत नाहीत.

मारुतीच्या अलीकडच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-16 सांगितलेलं असतं. ते ओतताना पाण्यासारखं वाटतं, म्हणून लोक घाबरून 20डब्ल्यू-40 घालतात. पण या इंजिनातल्या बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप आणि व्हीव्हीटीचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) बारीक मार्ग पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. जाड ऑइल घातलं की सकाळी चेनचा खडखडाट जास्त वेळ ऐकू येतो, व्हीव्हीटी आळसावते आणि मायलेज घटतं. पुस्तकात तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतील, तर भर उन्हात घाटातून भरलेली गाडी चालवणाऱ्याने त्यांतली जाड निवडावी. तक्त्याबाहेर जाऊ नये.

एसएन, एसपी, सीआय-4, सीके-4 ही अक्षरं कशाची?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयच्या दर्जाची. एसने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएन 2010 चा, एसपी 2020 चा. डिझेलमध्ये सीएच-4, सीआय-4, सीजे-4 आणि 2016 अखेरचा सीके-4 असा क्रम आहे. पेट्रोलमध्ये नवं अक्षर जुन्याची जागा घेऊ शकतं. पुस्तकात एसएल लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी बिनधास्त घाला. डिझेलमध्ये एक अपवाद लक्षात ठेवा. एफए-4 हा सीके-4 सोबतच आलेला दर्जा ठरावीक नव्या इंजिनांसाठीच्या पातळ ऑइलचा आहे. तो जुन्या ट्रकला चालत नाही.

एसीईए हा युरोपचा दर्जा. कारसाठी ए/बी आणि सी, मोठ्या डिझेल वाहनांसाठी ई.

डिझेलचं ऑइल पेट्रोल गाडीत किंवा उलटं घातलं तर?

उलटं घालणं जास्त वाईट. डिझेल जळताना काजळी तयार होते. ती सुटी-सुटी तरंगत ठेवणारी द्रव्यं डिझेल ऑइलमध्ये भरपूर असतात. नुसत्या पेट्रोलच्या ऑइलमध्ये ती पुरेशी नसल्यामुळे काजळीचे गोळे होतात, ऑइल घट्ट होतं आणि चेंबरमध्ये डांबरासारखा गाळ बसतो.

डिझेल ऑइल पेट्रोल गाडीत एकदा पडलं तर इंजिन लगेच बसत नाही. पण जुन्या पद्धतीच्या डिझेल ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं आणि ते हळूहळू धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतं. डब्यावर 'सीआय-4/एसएल' असं दोन्ही लिहिलेलं असेल तर ते ऑइल दोन्हीकडच्या चाचण्या पास झालेलं असतं. दोन वाहनं असलेल्या घरात असा एकच डबा ठेवता येतो, फक्त दोन्ही पुस्तकांत ती ग्रेड आणि तो दर्जा चालत असेल तर.

बीएस-6 डिझेल गाडीला वेगळं ऑइल का लागतं?

सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या डीपीएफ नावाच्या जाळीमुळे. 1 एप्रिल 2020 पासून, म्हणजे बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून, विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक डिझेल कारमध्ये ती आहे. इंजिनातली काजळी ही जाळी अडवते आणि भरत आली की सुमारे 600 अंशांपर्यंत तापवून जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात.

अडचण राखेची आहे. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतं. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकसारख्या धातूंची राख उरते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. जाळी भरली की गाडी ओढत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च काही हजारांवर थांबत नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल: एसीईए सी3 मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा 0.8 टक्के आहे, ट्रकच्या सीजे-4 आणि सीके-4 मध्ये 1 टक्का. जुन्या सीआय-4 ऑइलमध्ये ती सहज यापेक्षा जास्त असते.

राख देणारी हीच द्रव्यं आम्लही मारतात, मग ती कमी केली तर इंजिन गंजणार नाही का? हे आम्ल डिझेलमधल्या गंधकापासून होतं. बीएस-3 डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 350) असे, बीएस-6 मध्ये ते 10 पीपीएमवर आलं. मारायला आम्लच कमी उरलं. याचा व्यवहारातला अर्थ असा की गावातल्या दुकानात फक्त 'डिझेल इंजिन ऑइल 15डब्ल्यू-40' लिहिलेला स्वस्त डबा जुन्या जीपला चांगला असेल, नव्या एसयूव्हीला नाही.

ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. हे कसं?

बीएस-6 डिझेलमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. जाळी तापवण्यासाठी इंजिन ज्वलन संपत आल्यावर थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. रिजनरेशन पूर्ण झालं तर ते बरंचसं उडून जातं. पण रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही मुंबई-पुण्याच्या कोंडीत, अशी गाडी असेल तर प्रक्रिया अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं.

डिपस्टिक पुसून परत घाला, काढा, थेंब दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. डिझेलचा वास येतो आणि ऑइल बोटांना पाण्यासारखं लागतं, तर त्यातलं वंगण संपलेलं आहे. पातळी एफ (फुल) खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल आणि फिल्टर बदला. आठवड्यातून एकदा हायवेवर 20-25 मिनिटं सलग चालवलं की हा त्रास पुष्कळ कमी होतो. डीपीएफचा दिवा लागलेला असताना तर गाडी बंद करू नये, चालवत राहावी.

नवं ऑइल हजार किलोमीटरमध्ये काळं झालं. फसवलं का?

डिझेलमध्ये नाही. ते काळं होणं म्हणजे ऑइल काजळी उचलतंय, आपलं काम करतंय. सीएनजी गाडीत उलट असतं: काजळी जवळपास नसते म्हणून ऑइल मुदत संपल्यावरही मधासारखं दिसतं, पण उष्णतेने आतून म्हातारं झालेलं असतं. रंगावर निर्णय घेऊ नका.

डिझेलसाठी एक जुनी, फुकटची चाचणी आहे. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर सोडा आणि काही तास आडवा ठेवा. डाग मधून बाहेर हळूहळू फिकट होत पसरला तर ऑइल अजून काजळी सांभाळतंय. मधोमध काळाकुट्ट ठिपका, त्याची कड धारदार आणि बाहेर नुसतं तेलकट वर्तुळ, असं दिसलं तर काजळी सुटली, ऑइल बदला.

मिनरल, सेमी सिंथेटिक, फुल सिंथेटिक: जास्त पैसे द्यावेत का?

पुस्तकात 0डब्ल्यू किंवा 5डब्ल्यू असेल तर प्रश्नच नाही. असं ऑइल सिंथेटिकच असतं किंवा निदान त्याचा मोठा भाग. टर्बो इंजिन असेल तर फुल सिंथेटिक घ्या, कारण टर्बोच्या बेअरिंगपाशी मिनरल ऑइल लवकर करपतं. पंधरा वर्षांच्या साध्या पेट्रोल गाडीत, जिथे पुस्तकच 20डब्ल्यू-40 मिनरल सांगतं, तिथे महागडं सिंथेटिक घालून काही दिव्य होत नाही. त्या पैशात वेळेवर फिल्टर बदला. 'सेमी'मध्ये सिंथेटिक किती टक्के, हे डब्यावर बहुधा सांगितलेलं नसतं.

छोट्या टर्बो पेट्रोल गाडीला काही खास?

एसएन प्लस किंवा एसपीच घ्या, त्याखालचं नको. या इंजिनांत कमी आरपीएमवर जोर लावला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवर घणाचा घाव बसावा तसा दाब येतो. रिंगच्या मधली कड तुटते. ऑइलमधलं जास्तीचं कॅल्शियम याला खतपाणी घालतं. म्हणून 2018 च्या एसएन प्लसपासून याची चाचणी आली. घाटात पाचव्या गिअरमध्ये 1200 आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरण्याची सवय असेल, तर ऑइलबरोबर तीही बदला.

काही इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजलेला असतो, उदाहरणार्थ फोर्डचं 1.0 इकोबूस्ट. त्याला 5डब्ल्यू-20 आणि डब्ल्यूएसएस-एम2सी948-बी हा दर्जा लागतो. भलत्याच ऑइलने बेल्टचं रबर झिजून त्याचे कण पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो.

कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये घातलं तर?

घालू नका. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच प्लेट तर घर्षणावरच चालते. परिणाम लगेच कळतो: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. डब्यावरच्या एपीआयच्या गोल शिक्क्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं ऑइल दुचाकीला मुळीच नको. जासो या जपानी दर्जातलं एमए किंवा एमए2 पाहा.

गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला जासो एमबी. अ‍ॅक्टिव्हाला 10डब्ल्यू-30 एमबी. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलची वेगळी जागा असते. अ‍ॅक्टिव्हात तिथे सुमारे 120 मिली लागतं आणि बहुतेक सर्व्हिसिंगमध्ये त्याची आठवणच कुणाला होत नाही.

किती किलोमीटरला बदलायचं?

पुस्तकात लिहिलंय तितक्याला. कारला बहुतेक 10,000 किमी किंवा 1 वर्ष, यातलं जे आधी येईल ते. 'जे आधी येईल ते' हे शब्द लोक वाचत नाहीत. वर्षभरात 3,000 किमी चाललेली गाडीही बदल मागते, कारण छोट्या फेऱ्यांत ऑइलमधली वाफ उडून जात नाही. धुळीचे रस्ते, ट्रेलर ओढणं, सतत कोंडी यांत मुदत निम्म्यावर आणा. ऑइलबरोबर फिल्टर दर वेळी नवा.

घरी बदलता येईल का?

येईल. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. पाच मिनिटं चालू ठेवा. ऑइल कोमट झालं की गाळासकट उतरतं. उकळतं गरम नको, हात भाजतात. वरचं झाकण सैल करा. गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर विसंबून कधीही नाही. चेंबरचा ड्रेन बोल्ट बहुधा 14, 17 किंवा 19 नंबरच्या पान्याचा असतो. दहा-पंधरा मिनिटं थेंब संपेपर्यंत गळू द्या. बोल्टचा वॉशर दबणारा असतो, तो नवाच टाका. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे बसवा, मग पाना. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आटे गेले की वीस रुपयांच्या वॉशरचं काम हजारांत जातं.

फिल्टर काढल्यावर जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्याच फेरीत सगळं ऑइल रस्त्यावर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ताजं ऑइल चोपडा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग आणखी पाऊण फेरा. पाना लावून आवळू नका.

छोट्या पेट्रोल कारला फिल्टरसह साधारण 3 लिटर, मोठ्या डिझेल एसयूव्हीला 6-7 लिटर लागतं. सांगितलेल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, अर्धा मिनिट इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पाहा आणि हवं तेवढं वाढवा. कारमध्ये एल (लो) आणि एफ खुणांमध्ये साधारण 1 लिटरचा फरक असतो.

एफच्या वर थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?

दोन-तीन मिलिमीटरने काही नाही. अर्धा-एक लिटर जास्त असेल तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. सील गळू लागतात. डिझेलमध्ये जास्तीचं ऑइल ब्रीदर नावाच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरून चावी बंद केली तरी इंजिन भरधाव चालू राहण्याचा धोका असतो. काढून टाका.

दोन ब्रँड मिसळले तर चालतं का?

वाटेत पातळी एलच्या खाली गेली तर मिळेल ते, ग्रेड आणि दर्जा जुळणारं ऑइल घाला. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते लाखपटीने बरं. नेहमीचा उपाय म्हणून करू नका.

जुनं इंजिन ऑइल खातंय. जाड घालू?

आधी निळा धूर कधी येतो ते पाहा. सकाळी चालू करताना एकदा भपकारा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. त्याचं काम तुलनेने स्वस्त आहे. चढावर, जोर लावल्यावर येत असेल तर पिस्टन रिंग. एक पायरी जाड, म्हणजे 30 च्या जागी 40, केल्याने खप थोडा कमी होतो, पण रिंग जाग्यावर येत नाही. बाटलीतल्या 'इंजिन ट्रीटमेंट'वर पैसे घालू नका. आतून गाळ साचलेल्या इंजिनाला फ्लश देणं तर धोक्याचं: सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

ट्रॅक्टरचं कसं?

ट्रॅक्टरला किलोमीटर नाहीत, तास आहेत. पहिला बदल बहुधा 50 तासांना, पुढे 250 तासांच्या आसपास. मीटर पाहून तारीख लिहून ठेवा. बहुतेकांना 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-40, सीएफ-4 किंवा त्यापुढचा दर्जा चालतो. गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं, ते इंजिनात नाही.

इथे इंजिन मारतं ते ऑइल नव्हे, धूळ. ऑइल बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ तेलात अडवणारा) असेल तर मळणी आणि नांगरणीच्या दिवसांत खालची वाटी रोज उघडून पाहा. तळाशी चिखल साचला असेल तर डिझेलने धुऊन, खुणेपर्यंत नवं इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

फवारणी पंपात किंवा ग्रास कटरमध्ये?

टू-स्ट्रोक असेल तर 2टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून. 25:1 सांगितलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल इथे चालत नाही.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. ऑइल बदलून चालू करू?

आधी चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिक काढा: ऑइल दुधाळ, चहासारखं किंवा पातळी वर चढलेली दिसली तर गाडी टोइंग करूनच न्या. तिथे स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवतात, ऑइल-फिल्टर बदलून थोडा वेळ चालवतात आणि पुन्हा बदलतात.

पूर नसतानाही ऑइल दुधाळ झालं आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट. पावसाळ्यात फक्त झाकणाच्या आत थोडी पांढरट साय दिसणं मात्र बहुधा दमट हवेचं आणि छोट्या फेऱ्यांचं असतं. लांब फेरी मारा आणि परत पाहा.

बनावट ऑइल ओळखायचं कसं?

झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख छापील आहे का, क्यूआर कोड स्कॅन होतो का, हे पाहा. बिल घ्या. सुटं, बॅरलमधलं ऑइल असेल तर त्याचा दर्जा तोंडी असतो. गॅरेजमध्ये ऑइल समोर ओतायला सांगा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडून टाका. नकली माल याच डब्यांत भरला जातो.

काढलेल्या ऑइलचं काय करू?

गटारात किंवा शेतात ओतू नका. वाळवीसाठी लाकडाला लावायची पद्धत आहे, पण वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारणीभूत ठरणारी संयुगं असतात. निदान उघड्या हाताने तरी हाताळू नका. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. त्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पोचवा. पेट्रोल, कूलंट किंवा पाणी त्यात मिसळू नका, मग ते कोणी घेत नाही. या कामासाठी भोक न पाडलेला एक डबा बाजूला ठेवा.